दोन नावांची एक प्रवासी

मला राग लवकर येतो. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि ऑफिसात मालकांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना. पण त्या दिवशी बडोद्यात अलकापुरीतल्या एका कॅफेत बसून मी फोनवर ज्या आवाजात बोलले, त्यानं शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली आपापली कॉफी उचलून लांब जाऊन बसल्या.

फोनच्या पलीकडे एका विमान कंपनीच्या मदत केंद्रातली बाई होती. तिचा आवाज तुपात घोळलेला. ती म्हणत होती, "मॅडम, या दोन खात्यांत पहिलं नाव वेगळं आहे. मधलं नाव वेगळं आहे. आडनावही वेगळं आहे. मग दोन्हींत सारखं काय आहे?"

"मी," मी म्हणाले. "मी सारखी आहे."

तिला ते काही पटलं नाही.

आता हे प्रकरण नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. बडोद्याजवळ छाणीतल्या एका कारखान्यात मी निर्यातीचं काम बघते. पंपातून तेल गळू नये म्हणून आत एक सील बसवतात, ते आम्ही बनवतो. वस्तू मुठीत मावेल एवढी, पण ती विकायला मला आखाती देशांपासून कोरियापर्यंत सगळीकडे जावं लागतं. अकरा वर्षं मी हे करते आहे. बडोद्याच्या विमानतळावरचा चहावाला मला बघितलं की न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे करतो.

विमान कंपन्यांच्याही युत्या असतात, अगदी आपल्या पुढाऱ्यांसारख्या. आठ-दहा देशांच्या कंपन्या एकत्र येतात आणि त्यांतल्या कुठल्याही विमानात तुम्ही बसलात, की ते उड्डाण तुमच्या एकाच खात्यात जमा होतं. उड्डाणं वाढतील तशी तुमची पायरी वर जाते. आधी चांदी, मग सोनं, मग प्लॅटिनम. मी ज्यांच्याकडे होते त्यांना आपण युती म्हणू आणि त्यांच्या विरोधकांना आघाडी. मी कट्टर युतीवाली. सरळ विमान आघाडीचं असलं तर मी मुद्दाम वाकडी वाट करून, मधल्या विमानतळावर पाच तास बाकावर काढून युतीच्याच विमानानं जायची. नवरा म्हणायचा, "माझ्याशी एवढं इमान राखलंस तर मी धन्य होईन." मी म्हणायची, "तू मला खिडकीची जागा देतोस का?"

गडबड एवढीच होती, की युतीकडे माझी दोन खाती होती.

पहिलं खातं लग्नाआधीचं, माहेरच्या नावाचं. पाच वर्षं त्यात उड्डाणं जमत होती. एकोणतिसाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. ते सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. मी लग्नाआधी विचारलं होतं, बदलायलाच हवं का? माझी डिग्री आहे, पासपोर्ट शिक्क्यांनी भरलाय. त्या म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे बदलतात. माझंही बदललं होतं." त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते आणि सासूबाई अजूनही हुकूम दिल्यासारखंच बोलतात. मी गप्प बसले. आईनं बजावलं होतं, की पहिल्याच दिवशी शिंगं दाखवू नकोस. दाखवली नाहीत, पण आत कुठंतरी ती होतीच.

पुढे पासपोर्ट नव्या नावाचा झाला. अलकापुरीत आमच्या कंपनीची तिकिटं काढणारे एक गुजराती भाई आहेत. त्यांनी विचारलं, "बेन, नवं नाव, नवं खातं खोलू ना?" मी म्हटलं, खोला. तिथे मी चुकले. नाव बदललं तर जुन्याच खात्यात बदलून घ्यायचं असतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. सुचणार कशी? आम्हाला लहानपणापासून हेच दिसलेलं, की लग्न झालं की बाईची पाटी कोरी. रेशन कार्ड नवं, बँकेचं पासबुक नवं, लेटरबॉक्सवरचं नाव नवं. विमानाचं खातंही नवं असणार, यात मला काही वावगं वाटलं नाही. जुन्या खात्यातली पाच वर्षं तिथेच पडून राहिली आणि नव्या खात्यात सहा वर्षं जमली. कधी नड पडली नाही म्हणून मीही ढुंकून बघितलं नाही.

नड पडली ती नणंदेमुळे. नणंद टोरांटोला असते. लग्नाला नऊ वर्षं झाली, किती डॉक्टर झाले, किती वेळा आशा लागून तुटली, ते आम्हीच जाणतो. मे महिन्यात तिचा फोन आला. दिवस गेलेत, सगळं ठीक आहे, नोव्हेंबरची तारीख आहे. मग ती रडत म्हणाली, "आई, तू ये. बाळंतपणाला मला तूच हवीस."

सासूबाई दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर खंडेराव मार्केटला आल्या आणि तिथून पुढच्या गांधीच्या, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्याच्या, दुकानातून अळीव, डिंक, खारीक सगळं घेऊन आल्या. पण खरी अडचण त्यांच्या पाठीची होती. मणक्याची चकती सरकलेली. फार वेळ बसलं की पाय बधिर व्हायचा. टीव्ही त्या आडव्या होऊन बघायच्या आणि जेवायच्या ओट्याशी उभ्यानं. कुणी हळहळलं की म्हणायच्या, "घोडेस्वारांच्या घरातली आहे मी, उभ्यानं खायला काय होतंय." डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की सलग तीन तासांपेक्षा जास्त बसायचं नाही. झोपून जाता येत असेल तर खुशाल जा.

विमानात झोपून जाता येतं. पुढच्या भागात खुर्चीचा पलंग होतो. त्या तिकिटाची किंमत ऐकल्यावर नवरा फ्रिजचं दार उघडून उगीचच आत बघत उभा राहिला. मग म्हणाला, ठेव मोडू. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या झोपण्यासाठी कुणी काही मोडायचं नाही. तिला सांगा, मी फोनवरून सांगेन काय खायचं आणि काय नाही." आणि त्यांनी अळिवाचा डबा माळ्यावर ठेवायला लावला. डबा मीच वर ठेवला. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आमचं फार गूळपीठ होतं अशातला भाग नाही, पण त्या बाईला मी हरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला आठवलं, की प्लॅटिनम पायरीवर गेलेल्यांना वर्षाला दोन व्हाउचर मिळतात. साधं तिकीट काढायचं, व्हाउचर लावायचं, की साध्या जागेची झोपायची जागा होते. एक जायला, एक यायला, आणि घरच्या माणसाला देताही येतात. प्लॅटिनमसाठी एकाच खात्यात उड्डाणांची दहा वर्षं लागत होती. माझी पाच आणि सहा, अकरा झाली होती. फक्त दोन खाती जोडायची होती.

म्हणून तो फोन. त्या गोड बाईनं शेवटी सांगितलं, की नियमाप्रमाणे दोन वेगळ्या व्यक्तींची खाती जोडता येत नाहीत. मी लग्नाचा दाखला पाठवला. त्यात माहेरचं नाव होतं, नवं नव्हतं. त्यांनी तो परत पाठवला. आणि आठवड्यानं दुसरं पत्र आलं, की एकाच व्यक्तीनं दोन खाती ठेवणं नियमाविरुद्ध असल्यामुळे चौकशी होईपर्यंत माझी दोन्ही खाती गोठवण्यात येत आहेत.

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. म्हणजे जोडायला सांगितलं की मी दोन बायका, आणि शिक्षा करायची वेळ आली की एक. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अकरा वर्षं ज्यांच्यासाठी विमानतळांच्या बाकांवर मान अवघडून झोपले, त्यांनी मला चोर ठरवलं.

मी तशीच अलकापुरीत भाईंच्या ऑफिसात गेले. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेन, छोडो एमने. सामेवाळा बोलावे छे." सोडा त्यांना, समोरचे बोलावताहेत. आघाडीची योजना होती. दुसरीकडे दहा वर्षं सलग प्रवास केल्याचा पुरावा द्या, आम्ही तुम्हाला चार महिन्यांसाठी थेट प्लॅटिनम देतो. त्या चार महिन्यांत आमच्या विमानांतून सोळा उड्डाणं करा, मग पायरी पक्की आणि दोन्ही व्हाउचर हातात. जून सुरू होता. ऑक्टोबरपर्यंत जमणार होतं. जुनी माणसं सोडताना थोडं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. छे, अजिबात वाटलं नाही.

पण पुरावा इथेही लागणारच होता. आघाडीतल्या बाईनं निदान सरळ प्रश्न विचारला. दोन्ही नावं जोडणारा एखादा कागद आहे का? नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा नंबर असतो, तो मी दाखवला. ती म्हणाली, उत्तम, आता जुना पासपोर्ट दाखवा, म्हणजे झालं.

जुना पासपोर्ट सापडेना. दोन दिवस मी कपाटं उपसत होते. दिवाणावर पडल्या पडल्या सासूबाई बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "काय शोधतेस एवढं?"

आणि माझ्या तोंडून सहा वर्षं साठलेलं निघून गेलं. "माझा जुना पासपोर्ट, आई. माहेरच्या नावाचा. तुम्ही नाव बदललंत ना माझं, आता जगात कुणी मानायला तयार नाही की ती बाई मीच होते."

नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि परत आत गेला. कुशीवर वळून, हातावर भार देत सासूबाई सावकाश उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, आता चार दिवस अबोला. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. हातात साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी होती. ती त्यांनी माझ्यापुढे धरली. आत माझा पासपोर्ट होता, रद्द केल्याची खूण म्हणून कोपरा कापलेला.

"लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत रद्दीत टाकला होतास. मी काढून ठेवला."

"का?"

"फोटो चांगला होता." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "माझ्या जुन्या नावाचा एकही कागद माझ्याकडे नाही. शाळेचा दाखला होता. तो कुणी कधी टाकला, ठाऊक नाही. वाटलं, हिचा तरी राहू दे."

एवढं बोलून त्या पुन्हा दिवाणावर जाऊन पडल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी तो पासपोर्ट हातात घेऊन तिथेच फरशीवर बसले. मला रडू आलं, आणि आपण किती फटकळ आहोत याची लाजही वाटली. सहा वर्षं मी या बाईवर मनातल्या मनात डूख धरून होते आणि सहा वर्षं ती माझं नाव आपल्या साडीच्या पिशवीत जपत होती.

कागद पाठवले. तिसऱ्या दिवशी आघाडीचं उत्तर आलं. दोन्ही नावांची मी एकच असल्याचं त्यांना मान्य होतं. मी प्लॅटिनम झाले होते.

मग सुरू झाली धावपळ. युतीच्या वाटा मला पाठ होत्या, आघाडीचं सगळं नवं. कुठला दरवाजा, कुठली बस, कुठल्या विमानतळावर लाउंज तळघरात, काही माहीत नव्हतं. पहिल्याच प्रवासात मी सवयीनं युतीच्या रांगेत जाऊन उभी राहिले आणि तिथल्या मुलीनं मला सभ्यपणे हाकललं. ऑफिसात मालकांना म्हटलं, या चार महिन्यांत जे काही दौरे असतील ते मला द्या, कोइम्बतूर म्हणाल तर कोइम्बतूर. ते म्हणाले, "बेन, तब्येत बरी आहे ना?"

इकडे सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा ताबा घेतला. मी परत आले की बॅग दारात ठेवण्याआधी प्रश्न यायचा, "किती झाली?" मी सांगायची आणि त्या लाल पेनानं तारखेला गोल करायच्या. स्वयंपाक, दूध, कामवाली, सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांभाळलं. माझ्या डब्यात ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी त्याच भरायच्या. मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघी एका बाजूनं खेळत होतो.

चौदा गोल झाले आणि माशी शिंकली. कोरियाच्या गिऱ्हाइकानं भेट पुढे ढकलली. मुदत संपायला नऊ दिवस, दोन उड्डाणं कमी, आणि दौरा एकही नाही. मी जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसले. सासूबाई ओट्याशी उभ्या राहून वरण-भात खात होत्या. म्हणाल्या, "दिल्लीला जाऊन ये."

"दिल्लीत काम नाहीये, आई."

"तुला नाही. मला आहे ना."

नवरा हसायला लागला, पण मी लगेच तिकीट काढलं. साधंच, माझ्या पैशांनी. सकाळच्या विमानानं दिल्लीला गेले, विमानतळावर छोले-कुलचे खाल्ले आणि त्याच विमानानं परत निघाले. दारातल्या हवाई सुंदरीनं मला ओळखलं. तिनं विचारलं, "मॅडम, कुछ भूल गई थीं?" मी म्हटलं, "हाँ, एक उड़ान." बडोद्यात उतरून घरी आले, तर दार उघडंच होतं आणि सासूबाई लाल पेन घेऊन कॅलेंडरपाशी उभ्या होत्या. त्यांनी एकाच तारखेला दोन गोल केले, एकात एक. मग स्टूल घेऊन मला माळ्यावर चढवलं आणि अळिवाचा डबा खाली काढायला लावला.

त्याच आठवड्यात युतीचं पत्र आलं. चौकशी पूर्ण झाली असून खाती मोकळी केली आहेत, आपल्यासारख्या निष्ठावान प्रवाशाची आम्हाला उणीव भासते. मी एका ओळीचं उत्तर पाठवलं, की आपण हे पत्र आम्हा दोघींपैकी कुणाला लिहिलं आहे ते कळवावं. अजून उत्तर आलेलं नाही. नवऱ्यानं ते उत्तर मित्रांना वाचून दाखवलं आणि सासूबाईंनी त्या रात्री श्रीखंड मागवलं.

व्हाउचर लावायचं तर सासूबाईंच्या नावानं आघाडीचं खातं उघडायचं होतं. मी लॅपटॉप घेऊन दिवाणाशेजारी बसले. पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, सगळं भरलं. शेवटी एक रकाना होता, की प्रवासात आम्ही तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारावी? मी मराठीत वाचून दाखवला आणि स्वतःच पासपोर्टवरचं नाव टाकायला लागले.

"थांब," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एक नाव सांगितलं, हळू, परक्या माणसाचं सांगावं तसं. सहा वर्षं मी त्यांच्या घरात होते आणि ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मी ते टाकलं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीनवर वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. त्यांना पोहोचवून मी परतणार होते. व्हाउचर त्यांचं, त्यामुळे पुढच्या लांब प्रवासात त्या पडद्याच्या पलीकडे पलंगावर आणि प्लॅटिनम पायरीवरची मी मागे, शौचालयाच्या पुढच्या रांगेत, दोन धिप्पाड माणसांच्या मधल्या खुर्चीत. मला एवढं बरं कुठल्याच विमानात वाटलं नव्हतं.

युरोपातून पुढचं विमान दिवसाचं होतं. खिडक्यांतून ऊन येत होतं, लोक पेंगत होते. तीन-एक तासांनी पडदा सरकला आणि सासूबाई बाहेर आल्या. पायात विमानवाल्यांचे मोजे, केस विस्कटलेले, झोपून उठल्याचं तोंडावर स्पष्ट दिसत होतं. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत, पण ताठ, त्या माझ्या रांगेपर्यंत आल्या.

"पाठ कशी आहे?" मी विचारलं.

"पाठीचं सोड." त्या वाकल्या. डोळे चमकत होते. "ती पोरगी चहा घेऊन आली. मला उठवलं. नावानं हाक मारून उठवलं गं. बावन्न वर्षांनी." मुठीतलं चॉकलेट त्यांनी माझ्या हातात कोंबलं. "मला आधी वाटलं, आईच उठवतेय."

शेजारचा माणूस जागा होऊन आमच्याकडे बघायला लागला होता. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला हाक मारली. त्यांनी ठेवलेल्या नावानं नाही. कोपरा कापलेल्या पासपोर्टवरच्या, माझ्या माहेरच्या नावानं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "किती वेळ बसून आहेस. पाय मोकळे कर."

मी उठले. आम्ही दोघींनी मागच्या मोकळ्या जागेत उभ्यानंच ठेपले खाल्ले आणि मग मी त्यांना परत झोपायला पाठवलं. टोरांटोला विमानतळाबाहेर नणंद पोटावर हात ठेवून उभी होती. व्हीलचेअर घेऊन आलेल्या माणसाला सासूबाईंनी हातानंच बाजूला केलं आणि त्या चालत लेकीपर्यंत गेल्या.